समुद्र शांत असेल तेव्हाच घड्याळ बघा

यंदाच्या थंडीत कोकणात जाणार असाल आणि कयाकमध्ये बसून समुद्रात उतरायचं मनात असेल, तर जरूर जा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणी बेत रद्द करावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. कोकणचा खडकाळ किनारा रस्त्यावरून अर्धामुर्धाच दिसतो. कड्याची समुद्राकडची बाजू, तिथल्या कपारी, ओहोटीला उघडी पडणारी खडपं, दोन टेकड्यांच्या बेचक्यात लपलेली पुळण हे सगळं पाण्यातूनच दिसतं. इंजिनाची बोट खडकांच्या धाकाने लांबून जाते आणि तिच्या आवाजाने पाखरं आधीच उडतात. कयाकचं तसं नाही.

फक्त एक समज किनाऱ्यावर ठेवून जा. समुद्र शांत आहे म्हणजे आता धोका नाही, हा तो समज. खवळलेल्या समुद्रात हौशी माणूस उतरतच नाही. त्याची फसगत होते ती शांत दिवशी. आपल्या किनाऱ्यावरची शांतता दिवसभर टिकत नाही, ती काही तासांची असते. ते तास कोणते, हे आदल्या रात्रीच बऱ्यापैकी कळू शकतं. ते समजून घेऊन निघा आणि संपायच्या आत परत या, एवढंच माझं सांगणं आहे.

सकाळचा वारा, दुपारचा वारा

उदाहरणादाखल देवबाग ते निवती हा टापू घेऊ. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली-देवबागची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर भोगवे. भोगव्याची लांब पुळण संपली की किनारा खडकाळ होतो आणि पुढे निवतीचा किल्ला व त्याच्या पायथ्याचा छोटा किनारा लागतो. शांत पाण्यात साधारण माणूस तासाला चार-पाच किलोमीटर वल्हवतो, त्यामुळे नकाशावर ही सकाळची सहज फेरी वाटते.

आता वाऱ्याचं बघू. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतात. रात्री जमीन गार होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. दिवस वर आला, जमीन तापली की वारा फिरतो आणि समुद्रावरून जमिनीकडे येतो. तो खारा वारा. थंडीच्या दिवसांत सिंधुदुर्गात साधारण अकरा-बाराच्या सुमारास तो धरतो, दुपारी चांगलाच जोर करतो आणि बहुतेक वेळा वायव्येकडून येतो. मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढतं तसा त्याचा जोरही वाढतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की देवबागहून सकाळी दक्षिणेकडे, निवतीच्या दिशेने तुम्ही मजेत जाता. परत यायला निघता तेव्हा वायव्येचा वारा तोंडावर असतो. जाताना तास लागला असेल तर येताना दोन-अडीच लागू शकतात, आणि ते आधीच दमलेल्या खांद्यांनी काढायचे असतात. म्हणून शक्य असेल तर फेरी उलटी करा. निवतीच्या बाजूने निघून उत्तरेकडे जा आणि परतीला वारा पाठीवर घ्या. नाहीतर एकाच दिशेने जाऊन होड्या टेंपोत टाकून परत आणा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट, पहाटेच्या मतलई वाऱ्याला गरीब समजू नका. तो तुम्हाला समुद्राकडे ढकलत असतो. कड्याच्या आडोशाला आहात तोवर तो डोक्यावरून निघून जातो आणि पाणी स्तब्ध दिसतं. कड्यापासून शंभर-दोनशे मीटर बाहेर गेलात की तोच वारा पाठीला लागतो, होडी छान पळते आणि आपल्याला वाटतं, आपला हात बसला. वळून बघावं तर किनारा लांब गेलेला. म्हणून दर दहा मिनिटांनी वल्हं थांबवा. किनाऱ्यावरचा एक खडक आणि त्याच्यामागे वर डोंगरावरचं एक झाड एका रेषेत धरा. ती रेषा मोडली की होडी बाजूला सरकते आहे. मग बाजूच्या टोकाकडे बघून अशीच दुसरी जोडी धरा, म्हणजे आपण बाहेर तर चाललो नाही ना, हेही कळेल.

निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघा, आणि त्याच्या जोडीला एक जुनी सोय वापरा. किनाऱ्यावर जाळं साफ करत बसलेल्या माणसाला विचारा, "काका, आज पाणी कसं आहे?" "धापर्यंत बरां आसा, मगे वारो सुटतलो," असं उत्तर आलं तर दहाला तुमची होडी वाळूवर असली पाहिजे, साडेदहाला नव्हे. आणि त्यांनी क्षितिजाकडे बघून नुसतीच मान हलवली, तर चहा घ्या आणि खोलीवर परत जा. रोज पहाटे त्या पाण्यात जाणाऱ्या माणसाशी वाद घालण्याइतका आपला अभ्यास नसतो.

हंगामाच्या कडेलाही जपून. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत कोकणात जलक्रीडा बंद असतात त्या उगाच नव्हे. मे २०२२ मध्ये, हंगाम संपता संपता, तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. दुसऱ्या टोकाला नोव्हेंबर २००९ आहे. पावसाळा संपलेला असताना आलेल्या फयान वादळाने कोकणातल्या मच्छीमारांना भर समुद्रात गाठलं होतं. त्यामुळे महिना चांगला आहे म्हणून अंदाज न बघता निघायचं नाही.

तिथी आणि खाडीचं तोंड

भरती-ओहोटीचा हिशेब कोकणात अजूनही तिथीवरून करतात, आणि तो कुणालाही जमेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अमावास्येलाही तेच, कारण दोन्ही पक्षांना हिशेब सारखाच. दक्षिण कोकणात पाणी मुंबईच्या थोडं आधी चढतं, शिवाय जागेजागेला फरक पडतो. म्हणून तासभर इकडेतिकडे धरा आणि शेवटची खात्री भरती-ओहोटीच्या कोष्टकावरूनच करा.

खाडीच्या तोंडाशी हा हिशेब चुकला तर जिवाशी गाठ असते. समजा, एकादशी आहे. अकराची पाऊणपट सव्वाआठ. तुम्ही सातला, भरतीचा जोर ओसरत आलेला असताना, देवबागहून आरामात बाहेर पडलात. सव्वाआठच्या सुमारास पाणी भरलं आणि ओहोटी लागली. दहा-साडेदहाला परत आलात, तेव्हा कर्लीचं आणि खाडीत चढलेलं सगळं पाणी समुद्राकडे धावत असतं. समुद्रावरून येणाऱ्या साध्या लाटा त्या धारेला भिडतात, मुखावरच्या वाळूच्या उथळ बांधावर उभ्या राहतात आणि फुटतात. बाहेर समुद्र शांत, आत खाडी शांत, आणि मधल्या पट्ट्यात नवख्याची होडी आडवी. अशा वेळी मुखातून आत शिरायचा हट्ट धरू नका. बाहेरच्या बाजूला जिथे लाट लहान असेल तिथे भोगव्याच्या पुळणीवर होडी लावा आणि ओहोटीचा जोर सरेपर्यंत थांबा, नाहीतर रस्त्याने जा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाणाचं पाणी असतं. चढउतार मोठा आणि पाण्याला ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, तेव्हा सगळंच सौम्य. मुंबईला उधाणात पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं. मालवणकडे त्याच्या निम्म्यावर. पण ते निम्मंही पुरेसं आहे. सकाळी ज्या खडकावरून होडी सुखरूप गेली, तोच खडक परतीला पाण्याखाली वीतभर असतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने भांगाचे दिवस धरावेत.

वारा नाही, तरी लाट

कधी कधी वारा पूर्ण पडलेला असतो, पाण्यावर सुरकुती नसते, तरी होडी सावकाश वर उचलली जाते आणि खाली येते. ही लाट इथली नव्हे. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटर लांब झालेल्या वादळाची ती असू शकते. काही दिवस प्रवास करून ती आपल्या किनाऱ्याला लागते. खोल पाण्यात तिचा काही त्रास नाही. खडकापाशी मात्र तिचं सगळं बळ बाहेर पडतं. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज आणि मोठ्या लाटांचे इशारे देते. तो अंदाज बघताना सगळे लाटेची उंची बघतात. दोन लाटांमधला काळही बघा. उंची मीटरभरच दिसली, पण तो काळ तेरा-चौदा सेकंदांच्या वर असला, तर त्या दिवशी कड्यांच्या वाटेला जाऊ नका. पुळणीच्या समोरून किंवा खाडीत फिरा.

परातीतलं पाणी हलवलं की ते कडेला लागून परत येतं, तशी कड्यावर आदळलेली लाट मागे फिरते. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींना भेटल्या की पाणी जागच्या जागी उभं उसळतं. पुळणीवर वाळूचा उतार लाटेचं बळ जिरवून टाकतो, कड्यापाशी ते जिरत नाही. त्यामुळे "कडेकडेने जाऊ, म्हणजे भीती नाही" हा आपला नेहमीचा विचार इथे उलटा पडतो. उभ्या कड्यापासून निदान पंधरा-वीस मीटर सोडून जा. पाणी उसळत असेल तर आणखी लांब जा.

लाटा टोळीने येतात हेही ध्यानात असू द्या. पाच-सहा मिनिटं काहीच नाही, मग लागोपाठ तीन-चार मोठ्या. कपारीत किंवा गुहेत डोकावण्याचा मोह होतो, तो या मधल्या पाच मिनिटांत होतो. आधी बाहेर थांबून दहा मिनिटं बघा. सर्वांत मोठी लाट आली तेव्हा पाणी आत किती वर चढलं, ते बघून मग ठरवा. नवख्यांनी आत जाऊच नये, असं माझं मत आहे. बुडालेल्या खडकांचंही असंच. लहान लाटा त्यांच्यावरून गुपचूप जातात, मोठी आली की तिथे फेस फुटतो. समोर एकदा पांढरं दिसलं आणि पुन्हा काही दिसलं नाही, तर डोळ्यांचा भास समजू नका. तिथे खडक आहे. मोठी लाट अंगावर येताना दिसली तर होडीचं नाक तिच्याकडे करा. लाटेला बाजू देऊ नका.

होडी उलटली तर

कयाक उलटते. सरावलेल्यांचीही उलटते. म्हणून पहिला अर्धा तास किनाऱ्यापाशी, छातीइतक्या पाण्यात घालवा आणि होडी मुद्दाम उलटवा. भाड्याने मिळतात त्या बहुतेक वर बसायच्या, तळाला आरपार भोकं असलेल्या प्लास्टिकच्या कयाक. त्यात पाणी साठत नाही आणि पालथ्या झाल्या तरी त्या तरंगतात. क्रम असा ठेवा. आधी वल्हं पकडा. होडीच्या मध्यावर या, हात पलीकडे टाकून तिकडची कड धरा आणि स्वतःकडे ओढा. होडी सुलटी होते. मग दोन्ही हात होडीवर ठेवा, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणा आणि जोरात मारत पोटावर आडवे वर चढा. उभं राहून चढायला गेलात तर होडी पुन्हा अंगावर येईल. पालथे पडा, कुशीवर वळा, कंबर बैठकीत बसवा, शेवटी पाय वर घ्या. हे लागोपाठ तीनदा जमलं तरच समुद्रात जायचं. नाही जमलं तर कर्लीच्या खाडीत कांदळवनं बघत फिरा. तीही सकाळ वाया जात नाही.

जॅकेट अंगात आणि आवळलेलं हवं. सोबत्याला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते सैल आहे. उकडतं म्हणून पायाशी ठेवलेलं जॅकेट कामाचं नाही, कारण पाण्यात पडल्यावर ते घालणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं. "मला पोहता येतं" हे जॅकेट न घालण्याचं कारण होऊ शकत नाही.

परत चढता आलंच नाही, तर होडी धरून राहा. किनारा जवळ दिसला तरी पोहत निघू नका. पाण्यात माणसाचं डोकं लांबून दिसत नाही, लाल-पिवळी होडी दिसते. शिवाय तो जवळचा किनारा म्हणजे खडप असतं. त्यावर कालवांच्या धारदार कडा असतात, आणि लाट माणसाला त्यांच्यावरूनच खरवडत नेते. याच कारणाने पायात मागून पट्टा असलेले किंवा बंद बूट असू द्यात. अनवाणी किंवा साध्या चपलांवर नको.

आपल्याकडे थंडीतही समुद्राचं पाणी कोमट असतं, त्यामुळे गारठण्याची भीती फारशी नाही. त्रास होतो तो उन्हाचा. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्यांचा सदरा घ्या. पाण्यावरून परतणारं ऊन टोपीखालूनही लागतं. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, जॅकेटला बांधून. कड्यांखाली रेंज असेलच असं नाही, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. निदान तीन होड्या एकत्र असाव्यात आणि चाल सगळ्यांत हळू असेल त्याची. दारू आदल्या रात्रीचीही नको.

आणि एक माणूस किनाऱ्यावर ठेवा. तुम्ही किती जण, कुठून कुठे, कोणत्या रंगाच्या होड्या, परतायची वेळ काय, हे त्याला कागदावर लिहून द्या. वेळ टळल्यावर किती मिनिटं थांबायचं आणि मग कुणाला फोन करायचा, हेही लिहा. "येतील हो, रमले असतील" यात जाणारा वेळ सर्वांत महाग पडतो.

पाणी आपल्या एकट्याचं नाही

मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर अजून रापण ओढतात. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकून दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. पाण्यावर तरंगांची रांग दिसली तर तिच्या बाहेरून, लांबून वळसा घाला. मधून गेलात तर मासे बिथरतात, आणि वल्हं जाळ्यात अडकलं तर त्यांचं नुकसान आणि तुमचीही पंचाईत. बाहेर लावलेल्या जाळ्यांचे बोये धरून विसावा घेऊ नका. या लोकांनाच अडचणीच्या वेळी हाक मारायची आहे.

या टापूत डॉल्फिन दिसतात. दिसले की वल्हं थांबवा, ते आपल्या वाटेने जातील. त्यांच्यामागे होडी घालू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. आणि निवतीच्या किनाऱ्यावरून दूरवर वेंगुर्ला रॉक्सची बेटं दिसली, तर लांबूनच बघून समाधान माना. त्यांवरच्या गुहांत पाकोळ्यांची वीण होते, आणि ती बेटं भर समुद्रात आहेत. कयाकच्या सकाळच्या फेरीचं ते ठिकाण नव्हे.

पैसे कुणाला द्यायचे, हा शेवटचा प्रश्न. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, सोबत येणाऱ्याने जीवरक्षणाचं प्रशिक्षण घेतलंय का, मदतीला इंजिनाची बोट तयार असते का, हे तीन प्रश्न विचारायला लाजू नका. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था असं प्रशिक्षण देते, त्यामुळे प्रमाणपत्र दाखवा म्हणणं काही जगावेगळं नाही. आणि जो माणूस तुमचे पैसे समोर दिसत असताना "आज नको, उद्या सकाळी या" म्हणतो, त्याच्याकडेच उद्या जा. शंभर रुपये स्वस्त देणाऱ्यापेक्षा तो परवडतो.

हे वाचून झालं की एक काम मात्र लगेच करा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा निःशुल्क क्रमांक १५५४ आहे आणि कुठल्याही संकटासाठी ११२. हे दोन्ही आताच फोनमध्ये घाला आणि किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाच्या कागदावरही लिहून द्या. मग पहाटे उठा, पाणी शांत असताना मनसोक्त वल्हवा, आणि वारा सुटायच्या आत होड्या वाळूवर ओढा.